सव्वादोन ते पाच

"सगळ्या घरांत बोर्ड चपलांच्या स्टँडमागेच का लपवतात देव जाणे. मी मीटर काढायला आलेय की उंदीर पकडायला!" सर्व्हेवाली स्वतःशीच पुटपुटली. गाल भिंतीला टेकवून, एक हात खांद्यापर्यंत स्टँडमागे घालून ती पॅसेजमध्ये गुडघ्यांवर बसली होती, आणि थोरली तिच्यासाठी टॉर्च धरून इतकी जवळ उभी होती की ते पुटपुटणं न ऐकण्याची सोयच नव्हती. "सॉरी हं ताई, तुम्हाला नाही बोलले." "बोल गं बिनधास्त," थोरली म्हणाली, "तो बोर्ड बाबांनी बसवलाय. चौतीस वर्षं रीडिंग घ्यायला लोकांच्या जिन्याखालचे, न्हाणीमागचे मीटर शोधत हिंडले, त्याचा सूड आहे तो." दोघी हसल्या. हसणं संपेपर्यंत सर्व्हेवालीने हवी होती ती वस्तू ओढून काढली होती. मुठीएवढा पांढरा मीटर, आठ दिवसांपूर्वी तिनेच प्लग आणि सॉकेट यांच्या मधे खोचून ठेवलेला. असे चार लावले होते. फ्रिजला, गिझरला, पंपाला आणि बाबांच्या ऑक्सिजनच्या मशीनला. गच्चीवर सोलार बसवायचं तर घरातली कुठली वस्तू किती आणि कधी वीज खाते ते आधी कळायला हवं, असं तिचं म्हणणं. मशीनचा प्लग तिने परत सरळ खोचला, मशीनने सुस्कारा टाकून गुरगुरायला सुरुवात केली, आतून बाबा खोकले, आणि टॅबवर आकडे उतरवून घेता घेता ती थांबली. "ताई, हे मशीन दुपारी बंद असतं ना?" "नाही गं. चोवीस तास चालू लागतं." "नाही हो, हे बघा ना." तिने टॅब पुढे केला. एक सरळ निळी पट्टी, आणि पट्टीला मधे मधे पडलेली भोकं. "रोज सव्वादोन ते पाच. पाचदहा मिनिटं इकडेतिकडे. रविवारी तेवढं पूर्ण चाललंय." थोरलीने टॉर्च टॅबवर धरला. "लाईट जात असेल," ती म्हणाली. "छे, फ्रिज चालू आहे की तेव्हा." सर्व्हेवाली उठली, गुडघे झटकले आणि चांगली बातमी द्यावी तसं म्हणाली, "तसं बरंच आहे. दुपारी पॅनल भरात असतात. ती सगळी वीज सरळ बॅटरीत जाईल तुमच्या." ती गेल्यावरही थोरलीच्या हातातला टॉर्च जळतच होता. या घरात ही गोष्ट तशी क्षुल्लक नव्हती.

कारण या घरात कुणी अंधारात ठेचकाळलं तर चालायचं, पण रिकाम्या खोलीत दिवा चालायचा नाही. "भिंतीला वाचायला ठेवलास का दिवा?" हे वाक्य थोरलीने आणि धाकट्याने पाढ्यांच्याही आधी पाठ केलं असेल. फ्रिजपुढे उभं राहून काय हवं ते ठरवायचं, मग दार उघडायचं. इस्त्री गरम असेल तेवढ्यात सगळ्यांचे कपडे काढायचे आणि शेवटचा रुमाल इस्त्री बंद करून उरलेल्या धगीवर. खोलीतून शेवटी निघेल त्याने अंगठा बोर्डावरून वरून खाली एकदाच फिरवायचा, सगळी बटणं खटखट पडली पाहिजेत, आणि तोंडाने "बंद" म्हणायचं. पलीकडून कुणीतरी "बरं" म्हणायचं. मैत्रिणींच्या घरी जाऊन आलेल्या लहानग्या थोरलीला पहिल्यांदा कळलं होतं की जगात इतर लोक खोलीतून नुसतेच निघून जातात, कुणाला काही न सांगता, आणि तिला ते फार उघडंबोडकं वाटलं होतं. बाबांना कंजूष म्हणावं तर तसंही नव्हतं. पुस्तकांना, बुटांना, डॉक्टरला त्यांनी कधी हात आखडता घेतला नाही. त्यांचं वेड फक्त मीटरमधल्या त्या फिरत्या चकतीपुरतं होतं. लोकांच्या घरांत ती बघून बघून त्यांच्या डोळ्यांत ती बसली होती. ते सांगायचे, मीटरची चकती बघितली की घरात काय चाललंय ते कळतं. भांडण झालेलं कळतं, पाहुणे आलेले कळतात, कुणी आजारी असेल तर सगळ्यांत आधी तेच कळतं. दोन वर्षांपूर्वी फुप्फुसांनी हात टेकले आणि हे मशीन घरात आलं, तेव्हा आणणाऱ्या माणसाला त्यांनी मी बरा होईन का, हे विचारलं नाही. विचारलं, "किती वॅट?" "साडेतीनशे, काका." बाबांनी नाकात नळी घालून घेतली आणि म्हणाले, "म्हणजे आता मी साडेतीनशे वॅटचा माणूस. रात्रंदिवस." आई हसली होती. तेव्हा आई हसायची.

मशीन पॅसेजमध्ये ठेवलं कारण उशाशी त्याचा आवाज सोसेना. नऊ मीटरची पारदर्शक नळी दाराखालून आत जायची, पलंगाच्या पायाला वळसा घालून बाबांच्या कानांमागे. आधी एक सुस्कारा, मग गुरगुर, मग थोडी उसंत, पुन्हा सुस्कारा. महिन्याभरात सगळे त्या उसंतीत बोलायला शिकले. फोनवर बोलताना, टीव्ही बघताना, भांडतानासुद्धा. मग भांडणंच कमी झाली, कारण एवढ्याशा फटीत मावेल असं भांडण कुणाला येत नव्हतं. सोलारची टूम धाकट्याची. तो दुसऱ्या देशात. तिथल्या छपरांवर सगळीकडे पॅनल, शिवाय इथली वीज गेली की मशीन बंद पडेल ही तिथे बसून धास्ती. "आई, बॅटरीसकट बसवून टाकू. मग वीज जावो नाही तर राहो." आईने "बरं" म्हटलं. ती हल्ली सगळ्यालाच बरं म्हणायची. पण बाबा मात्र कित्येक महिन्यांनी उशीवरून उठून बसले. चौतीस वर्षं त्यांनी चकत्या एकाच दिशेने फिरताना पाहिल्या होत्या, आणि आता म्हणे आपली वीज जास्त झाली की बाहेर जाते, आकडा मागे येतो. "मागे?" त्यांनी फोनवर तीनदा विचारलं. "मागे म्हणजे मागेच? खरंच?" आणि मग, धाप लागलेली असताना, "एकदा तो मागे जाताना बघतो... मग हवं ते होऊ दे." हवं ते म्हणजे काय, कुणी विचारलं नाही. धाकटा तिकडे पाऊसपाण्याबद्दल बोलू लागला. थोरली चहाचं बघायला उठली. आई चादरीची घडी घालत होती. ती झाल्यावर तिने मोडली आणि पुन्हा घातली.

थोरली चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काच घासायचं काम करायची. कागदावरचा नंबर बघायचा, काचेचा मध्य धरून खूण करायची, फ्रेमच्या आकाराला काच घासायची, पाण्याची धार सोडत. वीस वर्षांत तिच्या बोटांना हे काम इतकं पाठ झालं होतं की डोकं बाजूला ठेवता यायचं. त्या दिवशी दुपारी बोटंही चुकली. एका शाळामास्तरांची काच तिने आडवीची उभी बसवली, ते दोन पायऱ्या उतरून परत आले आणि म्हणाले, "बाई, तुमचा रस्ता वाकडा झालाय." मालक आत डोकावले. "काय गं, आज आहेस कुठे?" "इथेच आहे की," ती म्हणाली. घड्याळात अडीच वाजले होते. आत्ता बंद आहे, तिच्या मनात आलं. आत्ता, या मिनिटाला, तिकडे पॅसेजमध्ये शांत आहे. सकाळपासून ती या गोष्टीला एकेक कारण लावून बघत होती, फ्रेमला काच लावून बघावी तसं. पहिलं कारण सोपं होतं. अंगठा. मशीनचं बटण त्याच बोर्डावर, दिव्याच्या आणि बेलच्या रांगेत. दुपारचं सगळं आवरून आई आत जाताना वरून खाली अंगठा फिरवत असणार, चाळीस वर्षांची सवय, तिला कळतही नसणार. बिचारी. हे कारण तिला इतकं आवडलं की घासता घासता ती गुणगुणलीदेखील. मग तिला ती शांतता आठवली. सुस्कारा थांबलेला त्या घरात कुणाला कळणार नाही? रस्त्यावरून जाणाऱ्या माणसालाही कळेल. दुसरं कारण बाबा. वीज वाचवायला तेच आईला बंद करायला लावत असतील, दुपारपुरतं, हट्टी माणूस. हेही बसलं. हे तर जास्तच चपखल बसलं, त्यावर हसतासुद्धा आलं असतं. पण कुठलंही कारण लावलं तरी एका बाजूने फट राहायची. रविवार. रविवारी थोरली घरी असते.

आणि नखं. संध्याकाळी सहाला ती घरी पोचायची, पर्स ठेवून आधी बाबांच्या खोलीत जायची, त्यांचा हात हातात घ्यायची. नखं जांभळट असायची. गेले दोनतीन महिने असायची. तिने ती पाहिली होती आणि स्वतःला सांगितलं होतं, खोलीत उजेड कमी आहे. कमी होताच, स्वतःच्या खोलीत बाबांनी जवळजवळ झिरोचाच बल्ब लावून घेतला होता. दिवसभर लोकांना स्पष्ट दिसावं म्हणून काचा घासणाऱ्या बाईने संध्याकाळी एका बल्बवर ढकलून द्यावं, यात तिलाही थोडी गंमत वाटली, आणि मग वाटेनाशी झाली. कारण त्या नखांच्या खाली आणखी एक गोष्ट होती, जी तिने कुणालाच सांगितली नव्हती. थंडीचे दिवस होते. दुकानातून येताना गल्लीच्या कोपऱ्यावरून तिला आपल्या फाटकापाशी माणसं उभी दिसली होती. सातआठ माणसं, मधे काहीतरी लांबट, पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं. तिची पावलं भराभर पडू लागली. धस्स व्हायला हवं होतं. झालंही असेल. पण त्याच्या आधी, एका पावलापुरतं, तिच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं होतं. चांगलं जड ओझं उतरावं तसं, शरीराला सरळ कळावं असं. जवळ गेली तर खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाचं नवं कपाट आलेलं, चादरीत बांधून. "ताई, जरा वाट द्या हं," हमाल म्हणाला. तिने दिली. वर जाऊन बाबांच्या पायांना तेल चोळलं, नेहमीपेक्षा जास्त वेळ, इतका की तेच म्हणाले, "पुरे गं, साल निघेल." ते एक पाऊल तिच्या आत अजून तसंच उचललेलं होतं. खाली टेकत नव्हतं.

गुरुवारी तिने डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि चारलाच दुकानातून निघाली. साडेचारला ती आपल्या दाराबाहेर होती. किल्ली हातात. दाराला कान लावायची गरजच पडली नाही. आत शांत होतं. अशी शांतता तिने या घरात दोन वर्षांत ऐकली नव्हती, आणि आधी काही क्षण तिला नुसतं बरं वाटलं. लहानपणची दुपार असायची तशी दुपार. घड्याळाची टिकटिक. कुठेतरी नळ थेंब थेंब. मग त्या शांततेत तिला दुसरे दोन आवाज सापडले. एक आईचा. आई घोरत होती. लहान मुलासारखं, तोंड उघडं टाकून, खोल. रात्री आई कधी घोरत नाही हे थोरलीच्या त्याच वेळी लक्षात आलं. रात्री आई झोपतच नसणार, मशीनचा आवाज बदलतो का ते ऐकत पडून राहत असणार. दुसरा आवाज बाबांचा, कागद चुरगळल्यासारखा. जेमतेम पुरेल एवढा श्वास. आत, बाहेर, आत. किल्ली कुलुपात घालायची होती. हात पुढे गेलाही. पण ती जिन्याच्या पायरीवर बसली. आत गेलं तर काय होईल ते तिला कळत होतं, बटण वर करावं लागेल, आई दचकून उठेल, आई तिच्याकडे बघेल. त्या बघण्याला द्यायला तिच्याकडे काही नव्हतं. वीस मिनिटं ती बसली. वरच्या मजल्यावरची बाई पिशवी घेऊन उतरली, म्हणाली, "किल्ली विसरलीस वाटतं?" "हो ना," थोरली म्हणाली. पाचला थोडी मिनिटं कमी असताना आतून बाबांचा आवाज आला. एकेक शब्द वेगळा, मधे बराच रस्ता. "अगं... ऊठ. येईल... ती... आता. लाव." घोरणं थांबलं. पावलं वाजली. खट. आणि भलामोठा सुस्कारा. थोरली उठून जिना उतरली, बाजारातून उगाच एक चक्कर मारून, अर्धा किलो भाजी घेऊन बरोबर सहाला घरी आली. बाबांचा हात हातात घेतला. "आज काय विशेष?" त्यांनी विचारलं. "काही नाही," ती म्हणाली. "तुमचं?" "आमचं काय," बाबा म्हणाले, "नऊ मीटरच्या आत... जे होईल ते."

शनिवारी सकाळी सर्व्हेवाली गच्चीचा नकाशा घेऊन आली. अकरा पॅनल, दक्षिणेकडे तोंड करून, टाकीची सावली चुकवून. तिने तो आधी आत नेऊन बाबांना दाखवला, त्यांनी चष्मा लावून टाकीचं अंतर तपासलं आणि एक चूक काढली, ती तिने कबूल केली. बाबा खूश झाले. मग ती बाहेरच्या टेबलाशी बसली. आई समोर वाळलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन घड्या घालत होती. टेबलावर पाण्याच्या तांब्याला टेकवून फोन उभा केला होता, त्यात धाकट्याचा चेहरा, मागे त्याच्या स्वयंपाकघरातलं ऊन. बाबांच्या खोलीचं दार उघडं होतं. "एकच गोष्ट राहिली," सर्व्हेवाली म्हणाली. "वीज गेली तरी कधीच बंद पडू नयेत अशा वस्तूंची यादी. फ्रिज आणि मशीन, बरोबर? मशीनचे तास किती धरू? मीटरवर सव्वाएकवीस येतात." "चोवीस," धाकटा म्हणाला. "सव्वाएकवीस कुठून आले?" उसंत आली, कुणी ती वापरली नाही. मशीन गुरगुरून घेऊन पुन्हा थांबलं. "मी," आतून बाबा म्हणाले. "मी बंद करतो. दुपारी. वीज... वाचवायला." धाकटा खो खो हसायला लागला. "बाबा, कमाल आहे तुमची! ताई, ऐकलंस का? अगं, ते साडेतीनशे वॅट त्यांना खाताहेत!" त्याच्या हसण्यात इतकी सुटका होती की थोरलीला त्याचा हेवा वाटला. सर्व्हेवालीने मान वर करून पॅसेजमधल्या चपलांच्या स्टँडकडे पाहिलं, मग उघड्या दारातून पलंगाकडे, आणि तिला जे कळलं ते तिने शहाण्यासारखं पेन फिरवण्यात घालवलं. सगळे आता थोरलीकडे बघत होते. बाबाही, उशीवरून मान वळवून. तिने फक्त हो म्हणायचं होतं. सगळं जागच्या जागी बसलं असतं, काच बसावी तसं. "हो," ती म्हणाली. "बाबाच करतात. मी किती वेळा ओरडले."

आईने हातातला टॉवेल ढिगावर ठेवला. "ओरडलीस तू? कधी?" तिने विचारलं. आवाज चढलेला नव्हता. "अगं, त्यांना मोरीपर्यंत धरून न्यावं लागतं. ते पॅसेजमध्ये जाऊन बटण बंद करणार? तुम्ही सगळे मला खुळी समजता की स्वतः खुळे झालात?" "आई, असू दे," थोरली म्हणाली. "नाही, लिहू दे तिला. बरोबर लिहू दे." ती सर्व्हेवालीकडे वळली. "मी बंद करते. पहिल्यांदा हाताने चुकून झालं. आडवी झाले आणि तीन तास झोपले मी, बाई. दोन वर्षांत पहिल्यांदा. जाग आली तेव्हा हे माझ्याकडे बघत पडले होते, ओठ निळे. म्हणाले, झोप लागली ना छान. मी पाय धरले त्यांचे. दुसऱ्या दिवशी दुपारी हेच म्हणाले, जा, बंद कर, नीज जरा." "अगं, पुरे," आतून बाबा म्हणाले. "आई, तुला कळतंय का?" फोनमधला धाकटा आता हसत नव्हता. "झोपच हवी होती तर बाई ठेवली असती, मी आलो असतो! एखाद्या दिवशी तू उठायच्या आत त्यांना काही झालं असतं म्हणजे?"

आई त्या छोट्याशा चेहऱ्याकडे वळली. मशीनचा सुस्कारा झाला, गुरगुर झाली. ती उसंतीसाठी थांबली नाही.

"रोज तेच मनात धरून तर निजते रे," ती म्हणाली. "मी उठेपर्यंत ते सुटलेले असू देत."